आठवा मणका

११ ऑगस्ट १९१९

आज दारावर पाटी लावली. 'टी. रोवर. मणके बसवून मिळतील.' माझा थोरला भाऊ डेटलेफ शिडीवरून खिळे ठोकत म्हणाला, "घोड्याला नाल मारून मिळेल, असं वाटतंय वाचून." मी म्हटलं, वकिलाला विचारून लिहिलंय, दादागिरी नको. 'डॉक्टर' लिहायचं नाही, 'उपचार' लिहायचं नाही, 'रोग' हा शब्द तर नाहीच. आयोवात अजून आमच्या कामाला परवाना नाही. गेल्या वर्षी शेजारच्या जिल्ह्यात एकाला तुरुंगात टाकलं, ते त्याने येणाऱ्याच्या कार्डावर 'दमा' लिहिलं म्हणून.

मणके बसवायच्या शाळेतून निघताना सरांनी हेच बजावलं होतं. कार्डावर फक्त मणक्याचा नंबर आणि तारीख. बाकी जे मनात येईल ते घरच्या वहीत. म्हणून ही वही.

जागा चांगली आहे. लोणी काढायच्या कारखान्याच्या शेजारी, जिना चढून दोन खोल्या, त्यामुळे दूध घालायला आलेला प्रत्येक शेतकरी माझ्या दारावरून जातो. बाहेरच्या खोलीत बाक, आतल्या खोलीत टेबल. बाकावर पहिला माणूस डेटलेफने आणून बसवला. दुसराही त्यानेच. गावभर तो एकच गोष्ट सांगत फिरतो. मागच्या वर्षी मी सुट्टीवर आले होते, ऐन गवत कापणीत त्याच्या कमरेत उसण भरली, तो चार पायांवर रांगत स्वयंपाकघरात आला आणि मी त्याला जेवणाच्या टेबलावर आडवा करून एका झटक्यात मोकळा केला. दर वेळी सांगताना रांगायचं अंतर वाढतं. आज ते धान्याच्या कोठारापासून होतं.

१४ ऑगस्ट

हिनरिककाका लोहार आले. मान डावीकडे वळतच नव्हती. दाराशी म्हणाले, "पोरी, तुझ्या बापाच्या घोड्यांना मी नाल मारले. आता तू मला काय करणार ते आधी सांग."

सांगितलं. पाठीचा कणा म्हणजे एकावर एक ठेवलेले मणके, त्यांच्या फटींतून नसा निघतात. मणका अडकला की तिथला सांधा हलत नाही, भोवतालचे स्नायू दगड होतात, नस कुरकुरते. मी बोटांनी अडकलेली जागा शोधते आणि तिथे एकच छोटा, जलद झटका देते. जोर नाही लागत, वेळ साधावी लागते.

"आणि मान तुटली तर?"

"तर नाल मारायला दुसरा लोहार शोधू."

हसले आणि हसता हसता खांदे सैल सोडले. त्याच क्षणी मी बसवला. कट्. काका डावीकडच्या खिडकीतून रस्ता बघत राहिले. "ती गाडी फॉसची ना?" म्हणाले. कार्डावर लिहिलं: मानेचा पाचवा, १४ ऑगस्ट.

आज अकरा जण. हात दुखतात, पण हे दुखणं मला आवडतं.

२ सप्टेंबर

गावचे डॉक्टर व्हिटकम स्वतः आले. टोपी हातात, बूट दारातच पुसले. भांडायला आले असतील म्हणून मी उभीच राहिले. त्यांनी टेबलाच्या चामड्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "मिस रोवर, पाठ दुखते म्हणून आलेल्या दहांपैकी नऊ जणांना तुमच्याकडे बरं वाटत असेल, ते मी मान्य करतो. मला मलम देण्यापलीकडे त्यांचं काही करता येत नाही. पण दहाव्याच्या पाठीत दुसरंच काही असलं तर तुम्ही ते कसं ओळखता?"

मी शाळेत शिकवलेलं उत्तर दिलं. आम्ही रोग शोधत नाही, मणका शोधतो. मणका जागेवर आला की बाकीचं शरीर स्वतः बघतं.

"म्हणजे ताप विचारत नाही?"

"ताप विचारणं तुमचं काम. मी विचारलं तर तुम्हीच मला कोर्टात उभं कराल."

ते म्हणाले, "हो. बहुधा करीन." आणि गेले. मला जिंकल्यासारखं वाटलं.

२८ सप्टेंबर

चर्चनंतर डेटलेफकडे जेवण. पाठ पुन्हा धरली आहे म्हणाला, पण कंबर नाही, वर, खांद्याच्या पात्यांच्या खाली. महिनाभर दुखतंय. त्याची बायको वीबके म्हणाली, "रात्री जास्त. झोपेत ओरडतो." डेटलेफने तिच्याकडे पाहिलं. "वीबके घोरते, तिला कशाला ऐकू येतंय!"

त्याला तिथेच पालथा घातला. बोटं खाली नेत गेले आणि पाठीच्या आठव्या मणक्यावर थांबले. वर आलेला! स्पष्ट, बटणासारखा. शाळेत दोन वर्षं आम्ही ज्याची कल्पना करत चाचपत होतो, तो सरकलेला मणका इतका उघड मी कधीच पाहिला नव्हता. वीबकेचं बोट धरून तिलाही दाखवला. तिने बोट लगेच काढून घेतलं.

बसवला. आवाज आला नाही, पण कधीकधी येतच नाही. आता आठवड्यातून तीनदा बोलावलंय.

९ ऑक्टोबर

डेटलेफचं दुखणं वाढलं आहे. आता बरगड्यांभोवती पट्ट्यासारखं आवळतं म्हणतो. मी घाबरले होते, पण सरांच्या टिपणांत सापडलं. याला 'परतीची वाट' म्हणतात. दुखणं ज्या वाटेने शरीरात शिरलं त्याच वाटेने बाहेर निघतं, त्यामुळे मध्ये एकदा ते जास्त होऊन दिसतं. अशा वेळी कच्चे लोक सोडून देतात आणि बरं होणं हातचं घालवतात.

डेटलेफला समजावलं. लक्षपूर्वक ऐकलं त्याने. "म्हणजे जितकं वाईट तितकं चांगलं?"

"काही दिवस."

"मग माझं फारच चांगलं चाललंय, पोरी."

तो वर येत असताना जिन्याच्या पायऱ्यांवर त्याची शीळ ऐकू आली होती. शीळ घालणारा माणूस फार आजारी नसतो.

२३ ऑक्टोबर

आज बारावी खेप. डेटलेफ वाळला आहे, पँटला दोरी बांधून आला. वाळणंही परतीच्या वाटेतलंच असावं. त्याला तरुणपणी, बावीस-तेविसाव्या वर्षी, असाच एक हिवाळा खोकला आणि संध्याकाळची कणकण होती, तेव्हाही असाच वाळला होता. वीबके म्हणते, आता रोज संध्याकाळी अंग तापतं, पहाटे सदरा पिळून काढावा लागतो. ऐकून मला उलट धीर आला. त्या जुन्या दुखण्याच्या खुणा एकेक करून परत येताहेत, म्हणजे वाट बरोबर आहे.

कार्डावर अर्थात यातलं काही लिहिलं नाही. आठवा मणका, २३ ऑक्टोबर.

बाकावर सात जण बसलेले होते. डेटलेफ बाहेर जाताना मोठ्याने म्हणाला, "जादू आहे पोरीच्या हातात!" फॉसबाई लगेच पुढे सरकून बसल्या.

४ नोव्हेंबर

मक्याची काढणी सुरू. डेटलेफच्या शेतात शेजारी उतरले, त्याला घराबाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. दुपारी वीबके एकटी माझ्याकडे आली. बसली नाही.

"त्याला व्हिटकमकडे ने."

"मी?"

"मी म्हटलं तर येत नाही. तू म्हटलंस तर येईल."

मी तिला परतीची वाट समजावून सांगू लागले. तिने ऐकून घेतलं नाही. "थेडा, तो तुझ्याकडे बरा व्हायला येत नाही."

"मग कशाला येतो?"

ती जिना उतरून निघून गेली. वीबकेचं नेहमीच असं तुटक. भावाबहिणीत तिसऱ्या माणसाला अडचण वाटते ती अशी.

२० नोव्हेंबर

एक चांगली खूण. डेटलेफची टोपी खाली पडली, तर तो पूर्वीसारखा कमरेत वाकला नाही. पाठ ताठ ठेवून, मांड्यांवर हात टेकत, गुडघ्यांतून सावकाश खाली बसला आणि टोपी उचलून तसाच मांड्यांवर हात रोवत वर आला. ओझं उचलताना पाठ वाकवू नका, हे मी सगळ्यांना घसा फोडून सांगते. एकाने तरी ऐकलं!

मणका अजून वर आहे. आधीपेक्षा थोडा जास्तच. पोक दिसतं आता सदऱ्यातून. मला माझ्या झटक्याचा कोन बदलायला हवा.

९ डिसेंबर

कोन बदलला. जरा जास्त जोर घेतला. बोटांखाली काहीतरी मऊ वाटलं, ओल्या लाकडासारखं. आवाज झाला, पण तो कट् नव्हता.

डेटलेफने पाय हलवून पाहिले. मग म्हणाला, "पाय दुसऱ्याचे आहेत असं वाटतंय." थोडा वेळ पडून राहा म्हटलं. उठून चालत गेला, पण जिना उतरताना कठड्याला दोन्ही हातांनी धरून. शीळ नाही.

११ डिसेंबर

डेटलेफ उभा राहू शकत नाही.

वीबकेने शेजाऱ्याला निरोप घेऊन पाठवलं. तिने मला बोलावलं नव्हतं, फक्त कळवलं होतं. मी त्याच्या घरी न जाता आधी व्हिटकमच्या दारात गेले. कार्ड बरोबर घेतलं. का घेतलं माहीत नाही. त्याच्यावर तारखांशिवाय काही नव्हतंच.

१२ डिसेंबर

व्हिटकमनी त्याला कुशीवर वळवायला लावलं, पाठीवरून हात फिरवला, आठव्यावर थांबले. माझी बोटं जिथे थांबली होती तिथेच. त्यांनी दाबलं नाही.

मग प्रश्न. संध्याकाळी ताप? कधीपासून? घाम? वजन? रात्री ओरडत जाग येते? तरुणपणी कधी खोकला? प्रत्येकाचं उत्तर वीबके देत होती आणि प्रत्येक उत्तर मला आधीच माहीत होतं. सगळं या वहीत आहे. मी पानं उलटून तारखा सांगू शकले असते.

बाहेरच्या खोलीत त्यांनी दार लावलं. "क्षय. फुप्फुसातला जुना, आता मणक्यात उतरलेला. हाड आतून पोखरून गेलंय, म्हणून मणका खचला आणि मागे पोक आलं. तो मणका सरकलेला नव्हता, मिस रोवर. कुजत होता."

मी कार्ड पुढे केलं. त्यांनी तारखा मोजल्या.

"बत्तीस वेळा?"

"बत्तीस."

"सप्टेंबरात आले असते तर मी त्यांना प्लास्टरमध्ये वर्षभर निजवलं असतं. शहरात अशा पाठी शस्त्रक्रियेने जोडतातही. जगले असते का, ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण पाय गेले नसते."

त्यांनी कार्ड खिशात घालावं, कोर्टात न्यावं, असं मला वाटत होतं. त्यांनी ते परत दिलं.

"तुम्ही त्या दिवशी मला उत्तर दिलंत," ते म्हणाले, "आणि मी ते ऐकून गेलो. बाक भरलेला दिसत होता मला, तरी काहीच केलं नाही."

१८ जानेवारी १९२०

डेटलेफ मानेपासून मांड्यांपर्यंत प्लास्टरमध्ये. वीबके त्याला दर दोन तासांनी वळवते, धुते, भरवते. मी गेले की ती खोलीबाहेर जाते. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

आज त्याला विचारलं. दुखत होतं तर बोलला का नाहीस?

"बोललो की. म्हटलं, फार चांगलं चाललंय."

"डेटलेफ."

छताकडे बघत होता, दुसरीकडे बघताच येत नाही. "तुझी पाटी लागून सातच आठवडे झाले होते. सख्खा भाऊच व्हिटकमकडे गेला म्हटल्यावर तुझ्या बाकावर कोण बसलं असतं? शाळेत जाते म्हणालीस तेव्हा आख्खं गाव हसलं होतं, विसरलीस? मला वाटलं, थोडं बरं वाटेल, मग बघू. जिन्याच्या चार पायऱ्या उरल्या की शीळ घालायचो. वरपर्यंत श्वास पुरत नव्हता, म्हणून चारच."

मी रडू लागले. तो म्हणाला, "रडू नको, मला मान वळवता येत नाही, उगाच आवाजावरून अंदाज बांधावा लागतो."

४ मार्च

काल सकाळी साडेदहाला डेटलेफ गेला. एक्केचाळीस वर्षांचा होता.

७ मार्च

दफन. माती गोठलेली होती, हिनरिककाकांनी पहार घेऊन स्वतः मदत केली. नंतर चर्चच्या तळघरात कॉफी आणि लोण्याचा केक. वीबके केक कापत होती. शेजारच्या बायकांनी सुरी मागितली, दिली नाही.

मी कोपऱ्यात बसले होते. कोणी माझ्याजवळ येणार नाही, असं धरून चालले होते. तर सगळे आले. हिनरिककाकांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

"पोरी, तुझ्याकडे येत होता तोवर चालत होता. मी डोळ्यांनी पाहिलाय. व्हिटकमने हात लावला आणि माणूस उठलाच नाही."

"जिवंत माणसाला चुन्यात घालून ठेवलं," फॉसबाई म्हणाल्या. "कोण जगेल?"

"अजून चार-सहा वेळा तुझ्या हाताखालून गेला असता तर..."

वीबकेची सुरी थांबली होती. ती माझ्याकडे बघत होती, मी काय बोलते ते ऐकायला.

मी कॉफी प्यायले.

२२ मार्च

बाकावर जागा नाही. लोक उभे राहतात. पलीकडच्या गावातूनही येताहेत. कंबर, मान, खांदे. बहुतेकांना बरं वाटतं, आणि ते खरंच बरं वाटणं असतं. हाताला कळतं. पण आता प्रत्येकाला आधी ताप विचारते, वजन विचारते, रात्रीचं विचारते. लोकांना गंमत वाटते. "आता डॉक्टरीणही झाली का आमची थेडा!"

व्हिटकमच्या दारात आता गाड्या कमी दिसतात.

१२ एप्रिल

लोरेन्झेनबाई मुलीला घेऊन आल्या. आल्मा, बारा वर्षांची, केसांची घट्ट वेणी. दोन महिने पाठ दुखते, शाळेत बाकावर बसवत नाही, म्हणाल्या. मी आल्माला टेबलाजवळ उभं करून हातातली पेन्सिल खाली टाकली आणि उचल म्हटलं. ती पाठ ताठ ठेवून, मांड्यांवर हात टेकत, गुडघ्यांतून खाली बसली.

डेटलेफने टोपी उचलली होती, अगदी तशीच.

संध्याकाळी ताप? थोडा. पाठीवरून बोट नेलं, अगदी हलकं. दहाव्यावर थांबलं.

म्हटलं, हिला हात लावणार नाही. आत्ताच्या आत्ता व्हिटकमकडे न्या.

लोरेन्झेनबाई लाल झाल्या. "तुझ्या भावाला मारलं त्याच्याकडे? तुला जमत नसेल तर तसं सांग, पण माझ्या पोरीला चुन्यात घालायला सांगू नकोस. डेटलेफ तुझ्या हाताखाली बरा होत होता, आख्ख्या गावाने पाहिलं."

"नव्हता."

"काय?"

"बरा होत नव्हता. त्याला मणक्याचा क्षय होता आणि मला तो कळला नाही. तो मरत होता आणि मी त्याला वाट बरोबर आहे म्हणून सांगत होते. पोक आलेला मणका मी बत्तीस वेळा दाबला. बत्तिसाव्या वेळी तो माझ्या हाताखाली मोडला. त्याचे पाय मी घालवले. व्हिटकमनी नाही. तो चालत येत होता ते माझा बाक भरावा म्हणून."

बाहेरच्या खोलीत कुजबुज बंद झाली होती. आतलं दार पातळ आहे.

लोरेन्झेनबाईंनी आल्माला जवळ ओढलं.  "मग तू ही पाटी कुठल्या तोंडाने लावून बसलीस?"

 त्या बाहेर गेल्या, मी खिडकीशी धावले. त्यांनी घोडा घराच्या दिशेने वळवला, थोडं पुढे नेला आणि थांबवला. बराच वेळ गाडी रस्त्याच्या मधोमध उभी होती. मग त्यांनी घोड्याचं तोंड फिरवलं. व्हिटकमच्या फाटकापाशी आल्मा उतरताना दिसली, पाठ ताठ धरून.

मी बाहेरच्या खोलीत आले तेव्हा बाकावर कोणी नव्हतं.

१३ एप्रिल

हिनरिककाका आले. टोपी काढली नाही. "खरं का?"

"खरं."

"मग दफनाच्या दिवशी मी बोललो तेव्हा गप्प का बसलीस? त्या डॉक्टरला मी रस्त्यात थुंकून दाखवलंय, पोरी."

गेले. दिवसभर दुसरं कोणी नाही.

३० एप्रिल

अडीच आठवड्यांत दोन माणसं, दोघंही बाहेरगावची. पाटी काढायला शिडी आणली, पण खिळे लांब ठोकलेत. हाताने निघत नाहीत. हातोडी मागायला लोहाराकडे जावं लागेल. उद्या जाईन.

९ मे

सकाळी दारात वीबके. काळे कपडे, एका बाजूला झुकलेली. बाकावर बसली नाही, थेट आत आली.

"माफ केलं म्हणून आलेले नाही," ती म्हणाली. "पाठ दुखते म्हणून आलेय. तीन महिने त्याला उचलून वळवत होते, त्या चुन्यासकट. आता वाकले की उठता येत नाही, आणि गायी वाट बघत नाहीत. व्हिटकमने तपासलं. आत काही नाही म्हणाला, स्नायू आणि सांधे आहेत. मलम दिलं. म्हणाला, याचं मला फारसं कळत नाही, ज्याला कळतं त्याच्याकडे जा."

"वीबके, मी..."

"बोलू नको. विचार."

मी विचारलं. संध्याकाळी ताप येतो? नाही. वजन उतरलं? माझ्याकडे बघ आणि तूच सांग, म्हणाली. घाम? नाही. कधी खोकला होता? नाही. उठताना, वाकताना जास्त दुखतं? हो.

"रात्री दुखतं?"

ती टेबलावर चढत होती. एक हात चामड्यावर, एक कमरेवर. थांबली.

"ते पाठीचं नाही," म्हणाली, आणि पालथी पडली.

मी हात गरम पाण्यात धरले, पुसले. कमरेच्या चौथ्या मणक्यापाशी उजवीकडे सगळं दगड झालं होतं. तिने श्वास सोडावा म्हणून थांबले. ती सोडेना. मी थांबून राहिले.